ए२ झालं की फ्रेंच बंद का पडतं? दर वर्षी होणारा हा बिघाड कसा शोधायचा

लक्षणं सगळ्यांची सारखीच. पुस्तक टेबलावरच असतं, पण त्याच्यावर चार्जर, लाईट बिल आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका येऊन पडलेली असते. ॲपच्या नोटिफिकेशन बंद केलेल्या असतात. ग्रुपवर कुणी फ्रेंचमध्ये काही टाकलं की अंगठा दाखवून मोकळं व्हायचं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सर, मोटिव्हेशनच राहिलं नाही."

मी जळगावात फ्रेंचच्या बॅचेस घेतो. अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलेली मुलं येतात, डोक्यात कॅनडा असलेले इंजिनिअर येतात, एखादी नर्स असते, बँकेतून रिटायर झालेले एखादे काका असतात. भाषेच्या पायऱ्या युरोपीय मोजपट्टीवर ए१, ए२, बी१, बी२ अशा वर चढतात. बहुतेक जण ए१ हसतखेळत करतात, ए२ रेटून नेतात आणि मग गायब होतात. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा उगवतात, पुन्हा गायब होतात.

"मोटिव्हेशन गेलं" हे नुसतं लक्षण आहे, रोग दुसराच असतो. विहिरीवरची मोटार पाणी ओढेनाशी झाली तर कुणी तिला जोशपूर्ण भाषण ऐकवत नाही. फेज बघतो, फूटव्हॉल्व्ह बघतो, विहिरीत पाणी आहे का ते बघतो. इथेही तेच करायचं. यूट्यूबवरचे "तीस दिवसांत फ्रेंच" छाप व्हिडिओ बघून दोन दिवस अंगात येतं आणि तिसऱ्या दिवशी उतरतं, कारण बिघाड जिथल्या तिथेच असतो.

आणि एक बघा. भुसावळात वाढलेल्या पोराला हिंदी यायला कुणी मोटिव्हेशन दिलं होतं? घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली, शाळेत मराठी, स्टेशनवर आणि टीव्हीवर हिंदी. तीन भाषा बोलणारी माणसं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तेव्हा "मला भाषा जमत नाहीत" हे कारण खान्देशातल्या माणसानं सांगू नये. हिंदीला रोज काम होतं म्हणून ती आली. फ्रेंचला काम नाही, म्हणून ती अडते. खालचे बहुतेक उपाय फिरून फिरून तिथेच येतात.

आधी बघा: ज्या कारणासाठी सुरू केलं, ते जिवंत आहे का?

हे पटकन तपासून होतं, म्हणून पहिलं. बारावीचे मार्क मिळाले, कारण संपलं. कॅनडाचा बेत घरच्यांनी रद्द केला, कारण संपलं. अशा वेळी फ्रेंच सोडली तर काही बिघडत नाही. अपराधी वाटून घेत वर्षभर ओढत राहण्यापेक्षा सरळ सोडलेली बरी, हे मी पालकांनाही तोंडावर सांगतो.

कारण जिवंत असेल तर ते नीट मोजून घ्या. कॅनडात कायमचं राहायला जाण्याच्या एक्स्प्रेस एंट्री या अर्जपद्धतीत २०२३ पासून फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघू लागल्या. त्यात वाचन, लेखन, ऐकणं, बोलणं या चारही बाबतींत एनसीएलसी ७ (कॅनडाची फ्रेंच मोजायची पट्टी) लागतं, म्हणजे ढोबळमानाने बी२. त्यासाठीच्या टीईएफ किंवा टीसीएफ परीक्षेचा निकाल दोनच वर्षं चालतो. ए२ वर असताना उत्साहाच्या भरात टीईएफची फी भरणं म्हणजे पैसे तापीत टाकणं.

डेल्फचं, म्हणजे फ्रेंच सरकारच्या भाषा-डिप्लोमाचं, तसं नाही. तो आयुष्यभर चालतो. शंभर मार्कांचा पेपर, चार भाग प्रत्येकी २५ चे, पास व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५. ए२ ची तयारी झालेल्या माणसानं डेल्फ ए२ देऊन टाकावी, असं माझं मत आहे. "ए२ ला कोण विचारतं?" असं सगळे म्हणतात. कुणी विचारत नसेल, पण कॅलेंडरवर एक तारीख येते, आणि तारखेनं जे होतं ते निश्चयानं होत नाही. केंद्रं पुण्या-मुंबईच्या आलियान्स फ्रान्सेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत आहेत. नंदुरबारकडच्यांना सुरतमार्गे अहमदाबादही सोयीचं पडतं.

तासांचा हिशोब

आता सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड. ढोबळ आकडे असे धरतात: शून्यापासून ए१ ला साधारण १०० तास, ए२ पर्यंत २००, बी१ पर्यंत ४००, बी२ पर्यंत ६०० च्या आसपास. म्हणजे ए२ ते बी१ हा एकच टप्पा आधीच्या दोन टप्प्यांच्या बेरजेएवढा आहे.

क्लासला येता तेव्हा आठवड्याला सहा तास होतात, म्हणून ए१ चार महिन्यांत उरकतं. क्लास संपला की उरतं ते मोबाईलवरचं रोजचं वीस मिनिटांचं. आठवड्याचे सव्वादोन तास. वर्षाला जेमतेम १२०. या गतीनं बी१ ला दीड वर्षाहून जास्त लागेल, आणि तेही एक दिवस न चुकवता. अंतर दुप्पट झालं, वेग निम्म्याच्याही खाली आला, आणि माणूस म्हणतो, "माझ्यात काहीतरी कमी आहे." कमी काही नाही. भागाकार मांडलेला नाही, एवढंच.

यावर दोन रस्ते आहेत. तास वाढवा, नाहीतर मोजमाप बदला. तास वाढवणं सगळ्यांच्या हातात नसतं. मोजमाप बदलणं असतं.

लेव्हलनं मोजू नका, कानानं मोजा. आरएफआय या फ्रेंच रेडिओचा सोप्या फ्रेंचमधला बातम्यांचा रोजचा कार्यक्रम आहे, "ल झुर्नाल आं फ्राँसे फासील". दहा मिनिटांचा, सोबत लिखित मजकूर, सगळं फुकट. पूर्ण दहा मिनिटं ऐकायची नाहीत. एकच बातमी घ्यायची, दीड-दोन मिनिटांची. मजकूर न बघता तीनदा ऐका आणि जे कळलं ते मराठीत दोन ओळींत लिहा. मग मजकूर वाचा, आणि पुन्हा ऐका. महिन्याच्या पहिल्या तारखेला ऐकलेली बातमी मोबाईलमध्ये ठेवून द्या आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला तीच लावा. जिथे आधी नुसता गोंगाट होता तिथे शब्द सुटे ऐकू येतात. ए२ वरच्या माणसाला आपली प्रगती दिसायची ही जवळजवळ एकच जागा आहे, कारण बोलण्यातली आणि लिहिण्यातली वाढ त्याची त्याला कळत नाही.

बातम्या जड जात असतील तर टीव्ही५ मोंदच्या शिकण्याच्या साइटवर ए१ ते बी२ असे लेव्हल लावलेले छोटे व्हिडिओ आणि स्वाध्याय आहेत. तेही फुकट.

थकवा फ्रेंचचा की इंग्रजीचा?

हा बिघाड पुण्या-मुंबईच्या क्लासमध्ये कुणी तपासत नाही, कारण तिथे तो कमी असतो. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेल्यांत हाच पहिला असतो.

ॲप इंग्रजीतून, व्याकरणाच्या टिपा इंग्रजीतून, यूट्यूबवरचे सर इंग्रजीतून. मुलगा अर्धा वेळ इंग्रजी टिपेचा अर्थ लावत बसतो आणि दमला की फ्रेंचला दोष देतो. तपासायला सोपं आहे. एक आठवडा सगळ्या टिपा मराठीत लिहा, अहिराणीत सुचल्या तर अहिराणीत. हलकं वाटलं तर बिघाड इथेच होता.

धुळ्याच्या एका मुलीची वही माझ्यासमोर आली होती. पानभर तक्ता, भूतकाळाचे दोन प्रकार, आंपारफे आणि पासे कोंपोझे, दोन्हीखाली इंग्रजीत नियम, तीन रंगांचे हायलायटर. आणि खालच्या स्वाध्यायात चुकांचा पाऊस. तिला तक्ता झाकून आखाजीवर, म्हणजे अक्षय्य तृतीयेवर, दोनच वाक्यं लिहायला लावली. "लहानपणी आखाजीला आई माहेरी जायची." "मागच्या आखाजीला आई माहेरी गेली." जायची म्हणजे आंपारफे, गेली म्हणजे पासे कोंपोझे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद चालून जातं, म्हणून इंग्रजीवाल्याला तक्ता लागतो. आपल्या जिभेवर हा फरक आधीच आहे. मग तिसरं वाक्य, "पाऊस पडत होता तेव्हा बस आली." पडत होता एका घरात, आली दुसऱ्या घरात. उरलेला स्वाध्याय तिनं फारसं न अडखळता सोडवला. शंभर टक्के वेळा हे जुळत नाही, पण बी१ पर्यंत निभावतं.

असं बरंच सापडतं. तो गेला, ती गेली: फ्रेंचमध्येही ती गेली की लिहिताना शेवटी एक जास्तीचं अक्षर लागतं. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली: क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, याची आपल्याला सवय आहे. फ्रेंचमध्ये हे फक्त कर्म आधी आलं की होतं, "मी खाल्लेली सफरचंदं" अशा रचनेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा नियम छळ वाटतो. तुम्हाला तो आपल्याच नियमाची कापून लहान केलेली आवृत्ती वाटायला हवा. तू आणि तुम्ही तर जशाच्या तसे. लिंगाचं रडगाणंही मराठी माणसानं गाऊ नये. आपल्याकडे तीन, त्यांच्याकडे दोनच. ट्रक "तो" आणि बस "ती" का, हे एसटी स्टँडवर कुणी कधी विचारलं नाही. तसंच शब्द त्याच्या आर्टिकलसकट पाठ करायचा आणि पुढे जायचं.

उच्चारातही फुकटचा फायदा आहे. फ्रेंचमधले त आणि द आपल्यासारखे दातांवरचे आहेत, इंग्रजीच्या सवयीनं आपण उगाच ट आणि ड करतो. मात्र देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय ए१ नंतर सोडा. फ्रेंचमध्ये वाइन, वारा आणि "ते जातात" हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या अनुनासिक स्वरांनीच ओळखू येतात. देवनागरीत लिहिले की तिघंही एका अनुस्वारात गोळा होतात. वहीत एकसारखं दिसलेलं कानालाही एकसारखंच वाटतं, मग रेडिओ ऐकताना काही कळत नाही, आणि मन उडतं ते तिथूनच.

पॅरिसच्या कॅफेत आपलं काय काम?

पुस्तकातला धडा: सोफी कॅफेत जाते, क्रोआसाँ मागवते, मेट्रोनं म्युझियमला जाते. रावेरच्या मुलानं यावर बोलायचं तरी काय? दोन वाक्यांत संपतं. आपल्याला फ्रेंच येत नाही असं त्याला वाटू लागतं, खरं तर सोफीबद्दल त्याला काही म्हणायचंच नसतं.

सावद्याकडच्या एका विद्यार्थिनीच्या घरी केळीचं पॅकिंग चालतं. "माझा दिवस" या विषयावर ती पुस्तकातली चार वाक्यं बोलून गप्प व्हायची. तिला म्हटलं, घरचं काम सांग. घड कसा उतरवतात, फण्या कशा सुट्या करतात, कशा धुतात, खोक्यात कशा भरतात. ती शब्द शोधून आली: घडाला रेजीम, फणीला मँ, म्हणजे हात. त्या आठवड्याची तिची व्हॉइस नोट ऐकता ऐकता संपेना. चुका भरपूर होत्या, पण मध्येच थांबून "बस, एवढंच" म्हणणं बंद झालं होतं.

तेव्हा रटाळ धडा आला की तो आपल्या घरात आणा. कृती सांगायचा धडा असेल तर भरीत सांगा: वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, सोलायची, ठेचायची, वरून कांद्याची पात आणि मिरचीची फोडणी. वांग्यांना फ्रेंचमध्ये अनेकवचनी आर्टिकल लावलं की "लेझोबेर्झीन" असं जोडून म्हणावं लागतं. हा जोडउच्चार पुस्तकातल्या दहा उदाहरणांनी बसत नाही, भरतानं बसतो. हवामानाच्या धड्यात जळगावचा मे महिना सांगा. पंचेचाळीस अंश फ्रेंचमध्ये सरळ सांगता येतात. सत्तरच्या पुढे मात्र साठ-दहा, चार-वीस असे हिशोब सुरू होतात. तेवढं तरी ऊन अजून पडत नाही.

साचलेली थकबाकी

अंकी या शब्दकार्डांच्या ॲपवर रिव्ह्यूचा डोंगर झाला असेल तर तो उपसत बसू नका. नवी कार्डं शून्यावर आणा, जी पुन्हा पुन्हा चुकतात ती बाजूला काढा (ॲप स्वतःच आठ वेळा चुकलेलं कार्ड वेगळं करतं) आणि रोज दहा मिनिटं झाली की बंद करा. स्ट्रीक (ॲपवरची सलग दिवसांची मोजणी) तुटली म्हणून सोडणाऱ्यांना माझं एकच म्हणणं: ती ॲपवाल्याची हजेरी होती, तुमची नव्हे.

दर वर्षी त्याच महिन्यांत अडतंय?

मग तो तुमचा दोष नाही, आपल्या मुलखाचं वेळापत्रक आहे. कापसाच्या वेचणीला घरात माणूस कमी पडतो, मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि दुपारी डोकं उठवणारं ऊन. पुण्यातल्या बॅचचं टाइमटेबल इथे लावून चालत नाही. जे माहीत आहे त्याची तयारी आधीच करा. मेसाठी नवीन व्याकरण ठेवूच नका. सकाळी उन्हाच्या आत पंधरा मिनिटं कानात बातम्या, बाकी काही नाही.

आणि थांबणार हे दिसू लागलं की थांबण्याच्या आधी वहीच्या शेवटच्या पानावर तीन ओळी लिहा: कुठल्या धड्यावर आहे, परत आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं, कुणाला मेसेज टाकायचा. परत येणारे बहुतेक जण सुरुवात कुठून करायची याच गोंधळात आठवडा घालवतात, मग पहिल्या धड्यापासून सुरू करतात, आणि "बोंझुर, मी अमुक" पुन्हा वाचून कंटाळतात.

पहिल्या धड्यावर जायची गरज नसते. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये विसरण्यावर पुस्तक छापलं. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो स्वतःच पाठ करायचा, विसरू द्यायचा आणि पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचा. विसरल्यासारखी वाटणारी यादीही दुसऱ्यांदा कमी वेळात पाठ व्हायची. म्हणजे सहा महिन्यांनी तुम्ही कोरे होऊन परतत नाही. जिथे सोडलं तिथून दोन-तीन धडे मागे जा. पहिले चार दिवस सगळं परकं वाटेल, मग शब्द आपोआप वर येऊ लागतील. त्या चार दिवसांत आपल्या लेव्हलबद्दल काहीही ठरवू नका.

बोलायला कुणी नाही

हे गाऱ्हाणं खरं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून फ्रेंच बोलणारी माणसं शोधावी लागतात. पण दोन माणसं पुरतात. बॅचमधला एक जण पकडा आणि व्हॉट्सॲपवर रोज एक व्हॉइस नोट, एक मिनिटाची. लिहून वाचायची नाही. समोरच्यानं चुका काढायच्या नाहीत, फक्त एक प्रश्न विचारायचा. प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं, तेवढा संकोच आपल्याकडे अजून शिल्लक आहे. कुणीच नसेल तर ऑनलाइन जोडीदार शोधा, पण वेळ बघून. फ्रान्स आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांची संध्याकाळ.

आणि आपल्या उशाशी एक जागा आहे जिचा फायदा कुणी घेत नाही. अजिंठा. लेण्यांना जवळचं मोठं रेल्वे स्टेशन जळगाव, त्यामुळे काही परदेशी पाहुणे आपल्याच रिक्षा-टॅक्सीतून जातात, त्यांत फ्रेंचही असतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अजिंठा १९८३ पासून आहे, आणि युनेस्कोच्या साइटवर त्याची माहिती फ्रेंचमध्येही आहे. छोटा परिच्छेद आहे, ए२ वाला डिक्शनरी घेऊन वाचू शकतो. आधी तो पाठ होईपर्यंत वाचा. मग पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि सव्विसाव्यातला पहुडलेला बुद्ध यांच्यावर स्वतःची पाच-सहा वाक्यं तयार करा. हा एक महिन्याचा अभ्यास झाला, आणि तो पॅरिसच्या कॅफेवर नाही.

मग हिवाळ्यात मित्राला घेऊन जा. गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात, पुढे लेण्यांपर्यंत बस असते. त्या बसच्या रांगेत कुणी फ्रेंच बोलताना ऐकू आलं तर बोला. सुरुवात "बोंझुर" नेच करा. ते न म्हणता थेट प्रश्न विचारणं त्यांना उद्धट वाटतं. कुठल्या शहरातून आलात एवढंच विचारा, आवडलं का विचारा, पुढे त्यांना बोलायचं असेल तर बोलतील, नाहीतर "बॉन व्हिझीत" म्हणून बाजूला व्हा. मागे मागे फिरून सेल्फी मागू नका. सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.